माझ्या वाटणीचं दूध

आमच्या वारज्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या दिवाळीनंतर दुधावरून भांडण झालं. एका सभासदाच्या नातवाने घरात गाईचं दूध आणणं बंद करायला लावलं होतं. दूध वासरासाठी असतं, माणसाला त्याची गरज नाही, असं त्या नातवाचं म्हणणं. आजोबा चिडून संघात आले आणि म्हणाले, "ऐंशी वर्षं पितोय, मेलो का?" त्यावर कोपऱ्यातले एक निवृत्त कारकून शांतपणे म्हणाले, "घाई कशाला? वेळ आहे अजून." मग दोन तट पडले. कोणी हाडांचं सांगितलं, कोणी भेसळीचं, कोणी गाईच्या डोळ्यांतल्या करुणेचं. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तर, आपण विज्ञान शिकवलंत. वार्षिक अंकासाठी दोन पानं लिहून द्या. माणसाला गाईचं दूध खरोखर लागतं का? एकदाचा निकाल लावून टाका."

मी हो म्हणालो. घरी येऊन कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'दूध हे पूर्णान्न आहे.' नोकरीभर हे वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो, त्यामुळे हात आपोआप चालला. मग मी ते खोडलं. मला पंच्याऐंशी उलटली आहेत. दुधाचा निकाल लावायचा तर माझ्याविषयी काही गोष्टी आधी सांगाव्या लागतील, आणि त्या दोन पानांत मावणाऱ्या नाहीत. अंकाला हे चालेल की नाही ते अध्यक्षांनी पाहावं.

मी पुरंदरकडच्या एका कोरड्या गावातला. घरी एक गाय होती, पण तिचं दूध सकाळीच सासवडच्या हॉटेलात जायचं. आम्ही भावंडं भाकरी आणि कोरा चहा घ्यायचो, कधी ताक मिळायचं. दूध पिणं ही आपली गोष्ट नाही, ते विकायचं असतं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याचं दुःखही कोणाला नव्हतं. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती तेव्हा वडिलांनी मला पुण्याला एका मोफत बोर्डिंगात ठेवलं. बोर्डिंगात एकच वेळ जेवण मिळे. संध्याकाळसाठी आमच्या गृहप्रमुखांनी ओळखीच्या घरांतून वार लावून दिले होते, म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा.

गुरुवारच्या घरी माझ्याच वयाचा एक मुलगा होता. जेवण झालं की त्याला पेलाभर दूध मिळायचं, साखर घातलेलं, वर साय. मला ताक. मी त्या पेल्याकडे पाहायचो. तो मुलगा गोरा, उंच, इंग्रजीत पहिला. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता, की हे सगळं त्या पेल्यातून येतं. त्या घरच्या बाईंनी एकदा माझं पाहणं पाहिलं असावं. पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्यापुढेही पेला ठेवला. "घे. रोज तर नाही देता येणार, पण गुरुवारचं तुझं दूध माझ्याकडे."

मी प्यालो. बोर्डिंगात पोहोचेपर्यंत पोटात कळा सुरू झाल्या. पोट फुगलं, गुडगुडायला लागलं, आणि मी पळत संडास गाठला. आठवड्याने बाईंनी विचारलं, "सोसलं ना रे?" मी म्हणालो, "हो." दिलेलं दूध नको म्हणणं मला जमलंच नाही. नको म्हटलं तर ही माउली दुखावेल, कदाचित वारही जाईल. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. मला वाटलं, आपलं पोटच दरिद्री आहे, चांगलं अन्न त्याला ओळखू येत नाही. त्याला वळण लावलं पाहिजे. मी दोन वर्षं दर गुरुवारी ते दूध प्यालो आणि दर गुरुवारी त्याच कळा सोसल्या. वळण लागलं नाही.

हे इथेच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सवयीने दूध पचायला लागत नाही हे मला तेराव्या-चौदाव्या वर्षी माहीत झालं होतं. पुस्तकातून नव्हे, अनुभवाने.

शिकलो, शिक्षक झालो. पहिला पगार झाल्यावर मी दूध पूर्ण सोडलं आणि कोणाला सांगितलं नाही. शाळेत मात्र दुधाचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा परदेशातून दुधाची पावडर यायची. ती मोठ्या हंड्यात गरम पाण्यात कालवायची, आणि मधल्या सुट्टीआधी मुलांना रांगेत उभं करून डावाने त्यांच्या पेल्यात घालायची. सांडायचं नाही, ओतायचं नाही, माझ्यासमोर संपवायचं, असा माझा नियम. काही मुलं नाक दाबून पीत. काही तोंडात धरून कोपऱ्यात जाऊन थुंकत. थुंकणाऱ्याला दुसरा पेला.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते. पुण्यातलं पिढीजात मुसलमान कुटुंब, वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. ते तरुणपणी तालमीत गेलेले, अंगाने माझ्या दुप्पट. एकदा त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"सर, तुमच्या दुधाच्या रांगेनंतर पाचवीचा तास माझा असतो. सहा पोरं रोज पोट धरून बाहेर पळतात. घोडा काढायला दिला, तर सहा घोड्यांना पाय नाहीत."

"बहाणे आहेत, सर. तास बुडवायचे."

"पोटाला बहाणा कसा करता येईल? माझ्या घरी कोणालाच दूध पचत नाही. आई, भाऊ, मी. आम्ही पीत नाही. विषय संपला."

"म्हणून तर तब्येती अशा राहतात," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या दंडाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. "हो ना. दिसतंच आहे." आणि जाता जाता वळून म्हणाले, "आपण स्वतः पिता का हो?"

"घरी," मी म्हणालो.

खोटं बोलायला एक शब्द पुरला. त्यांना मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. त्या माणसाने मला न हसता ऐकून घेतलं असतं.

लग्न झालं तेव्हा आम्ही स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. पत्नीने पहिल्याच आठवड्यात मला दूध आणून दिलं. पचत नाही असं नव्या बायकोला सांगायची मला लाज वाटली. ती खात्यापित्या घरातली. मी म्हणालो, "मला नको. घरात लहान मूल येईल तेव्हा त्याला लागेल, आत्तापासून सवय कशाला?" तिला हे फार आवडलं. नवरा न जन्मलेल्या मुलासाठी दूध सोडतो, असं ती माहेरी सांगून आली. मी ते तसंच राहू दिलं.

मग मुलगी झाली. एकच. ती वरचं खायला लागली तेव्हा मी ठरवलं की हिच्यासाठी बाटलीतलं सरकारी दूध नको, गाईचंच हवं, तेही समोर काढलेलं. गाईच्या दुधाने बुद्धी तल्लख होते असं तेव्हा सगळेच म्हणत, आणि विज्ञान शिकवणारा मीही म्हणत होतो. पेठेत तेव्हा अजून गोठे होते. मी रोज पहाटे किटली घेऊन जायचो. गवळी आधी रिकामी चरवी उपडी करून दाखवायचा, आत पाणी नाही म्हणून, आणि मग धार काढायचा. आणलेलं दूध तापवून, साखर घालून, स्टीलच्या पेल्यात. पेला संपल्याशिवाय शाळेला जायचं नाही.

चारपाच वर्षांची होईपर्यंत ती आनंदाने पीत होती. मग हळूहळू तोंड वाकडं व्हायला लागलं. मग पोट दुखायला लागलं. सातव्या-आठव्या वर्षी ती रोज सकाळी म्हणायची, "बाबा, पोटात काहीतरी फिरतंय." तिने तो शब्द वापरला, फिरतंय. मला तो नेमका कळला. पोटात कसं फिरतं हे मला तिच्यापेक्षा आधीपासून माहीत होतं. मी म्हणालो, "काही फिरत नाही. घोट घोट पी."

एकदा तिने आईला विचारलं, "बाबा का नाही गं पीत?" मी बाहेरच्या खोलीत शर्टाची बटणं लावत होतो. पत्नी म्हणाली, "अगं, एक शेर दूध परवडतं आपल्याला. बाबा त्यांच्या वाटणीचं तुला देतात."

मग पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. रिकामा. त्या दिवसानंतर तिने कुरकुर कमी केली. मी समजलो, वळण लागलं.

मी असं का केलं, याचा विचार मी आता रोज करतो आणि रोज एकाच ठिकाणी येऊन थांबतो. तिला पचत नाही हे मान्य केलं असतं, तर ते माझ्याकडून आलं हेही मान्य करावं लागलं असतं. ते पोरकं, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणारं पोट मी मागे सोडून आलो होतो. माझ्या मुलीच्या अंगात ते निघावं हे मला सहन झालं नाही. म्हणून मी ते नाहीच असं ठरवलं. आणि ते नाही, तर मग ती खोटं बोलते. तिसरा अर्थ निघत नव्हता.

'खोटं बोलते' हे आमच्या घरात हळूहळू कायमचं झालं. नातेवाइकांत चेष्टेचा विषय झाला. "काय गं, आज पोटात कोण फिरतंय?" असं काका विचारायचे आणि मी हसायचो. ती हसायची नाही.

दहावीच्या बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली. परीक्षेच्या काळजीने तिने आदल्या दिवशी काही खाल्लं नव्हतं.

"बाबा, आजच्या दिवस नको. पेपर झाल्यावर दोन पेले पिईन. शप्पथ."

"आज तर हवंच. डोकं चालायला काही नको का?"

"डोकं चालेल हो. पोट चालायला नको."

माझ्याच मुलीचं उत्तर होतं ते, चोख. मला हसू यायला हवं होतं. मी म्हणालो, "उलट बोलू नकोस." तिने पेला घेतला, माझ्याकडे पाहत एका दमात संपवला आणि निघाली. पेपरला ती अर्ध्या तासात बाहेर गेली, परत आली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा ती बराच वेळ परतली नाही. गणित हा तिचा विषय होता. तिला पुढे विज्ञानाकडे जायचं होतं. निकाल लागला तेव्हा गणितात ती कशीबशी पास होती. ती म्हणाली, "मी आजारी पडले होते." बाहेरच्या खोलीत दोन नातेवाईक बसलेले. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "आजारी नाही, अभ्यास नव्हता. पोटावर ढकलायची सवयच आहे तिला."

ती कॉमर्सला गेली. त्यानंतर ती माझ्याशी नीट, अदबीने बोलायला लागली. मला तेव्हा ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं.

बी.कॉम. झाल्यावर स्थळं आली. मी लोणी काळभोरचं निवडलं. मुलगा शिकलेला, कंपनीत नोकरी, घरी बागायत, आणि दारात चार गाई. दूधदुभत्याचं घर आहे, मुलीला काही कमी पडणार नाही, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. पत्रिकेपेक्षा मला त्या गाईंनी जिंकलं होतं. लग्न ठरल्यावर ती एकदाच म्हणाली, "चार गाई आहेत म्हणे." मी म्हणालो, "हो!" ती म्हणाली, "बरं झालं. एकीने भागलं नसतं." मी तेही हसण्यावारी नेलं.

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो. तिची सासू मनाने सरळ बाई. मला पडवीत बसवून तिने आधी पाणी दिलं, मग मुलीदेखतच विचारलं.

"गुरुजी, येक इचारायचं हाय. सूनबाई दूध घेत न्हाई. पोटात दुखतं म्हन्ती. आता दोन जिवांची हाय, दुधाबिगर कसं व्हायचं? पर जबरी बी कशी करायची? तुमी शिकल्यालं मानूस. खरं सांगा, हिला खरंच सोसत न्हाई का?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकटीला हात लावून. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. त्यात राग नव्हता. आता तरी हे सांगतील, असं त्यात होतं. इतक्या वर्षांनंतरही तिची आशा शिल्लक होती.

माझ्यासमोर एक साधी बाई साधा प्रश्न घेऊन बसली होती. मी जे सांगेन ते ती मानणार होती. 'नाही सोसत, मलाही नाही सोसत, तिला भाकरी-डाळ, अंडी, नाचणी, पालेभाजी द्या,' एवढं म्हणायचं होतं. त्याने कोणाचं काही बिघडलं नसतं.

मी म्हणालो, "लहानपणापासूनची सवय आहे तिची. दूध म्हटलं की पोट दुखतं. तुम्ही लक्ष देऊ नका. प्यायला लावा."

सासू मोकळं हसली. "तरी मी म्हनलंच. लाडाची लेक." दारातली मुलगी आत गेली.

सातव्या महिन्यात एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. तिने सासूला सांगितलं. सासूने तिला ओवा दिला आणि झोपायला सांगितलं. तिचा नवरा कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेला होता. संध्याकाळी दुखणं वाढलं. दुसऱ्या दिवशीही ती सांगत होती की हे नेहमीचं नाही. घरात कोणी वाईट नव्हतं. त्यांनी तिला शेक दिला, पाठ चोळली. पण पोट दुखणं ही तिची सवय आहे हे त्यांना प्रत्यक्ष तिच्या बापाने सांगितलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उभी राहू शकेना तेव्हा जीप करून तिला पुण्याला आणलं. मूल गेलेलं होतं. मुलगी होती.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही आणलंत?" आणलं असतं तर मूल वाचलं असतं का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण आणायला हवं होतं." दुधाचा याच्याशी काही संबंध नव्हता. दुधाने ते मूल गेलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, नाहीतर संघातले एका तटाचे लोक हा लेख हातात धरून दुसऱ्या तटावर धावून जातील.

दवाखान्याच्या बाकावर तिची सासू माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ ती पदराने नुसतं तोंड पुसत होती. मग मला म्हणाली, "गुरुजी, तुमीच म्हनला हुता नं." दोष देत नव्हती. तिला खरोखर विचारायचं होतं, की तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबले, मग माझं कुठे चुकलं?

मी उठलो. मुलीला भेटायला आत गेलो तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर तिला दूध घे असं कोणी म्हणालं नाही. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत मात्र तोच धडा शिकवला. फळ्यावर गाय काढायची, बाण काढायचे, चुना, प्रथिने, जीवनसत्त्वे. कधी एखादा विद्यार्थी म्हणायचा, "सर, मला नाही चालत." मी म्हणायचो, "बस खाली." एवढा मोठा धक्का बसल्यावर माणूस बदलतो असं लोक समजतात. मी बदललो नाही. बदललो असतो तर का बदललो ते सांगावं लागलं असतं.

पुढे तिला एक मुलगी झाली. जावयांनी वारज्याला फ्लॅट घेतला. माझी पत्नी गेल्यावर मुलगी मला न्यायला आली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही एकटे राहिलात तर लोक मला विचारतील. चला." असा मी या घरात आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. रोज सकाळी ती मला कोरा चहा देते, आलं घालून, आणि स्वतःचाही कोरा चहा घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसते. आम्ही फार बोलत नाही. पण बसते.

संघात भांडण झालं त्याच आठवड्यात नात जेवताना बोलली. ती एका कंपनीत संगणकावर काम करते. तिच्या पोटाच्या तक्रारी होत्या, तपासणी करून घेतली होती.

"आई, फायनली रिपोर्ट आला. लॅक्टोज पचत नाही मला. दूध बंद. डॉक्टर म्हणाले फॅमिलीमध्ये असतंच हे. तुलाही असणार."

"मला आहेच," मुलगी म्हणाली. "रिपोर्ट नव्हता एवढंच."

"मग तुला कुठून आलं? आजी तर बासुंदी वाटीने प्यायची. आजोबा, तुमच्याकडून?"

माझ्याआधी मुलगीच म्हणाली, "छे गं. आजोबांचं पोट दगडाचं. ते दूध पीत नव्हते ते वेगळं. एक शेर यायचं घरात. त्यांच्या वाटणीचं ते मला द्यायचे." आणि पोळी वाढता वाढता, सहज, नातीकडे पाहून म्हणाली, "म्हणून तर मी प्यायचे. पोटात आग व्हायची, पण वाटायचं, बाबा स्वतःचं सोडून देतायत, ओतायचं कसं?"

ओट्यावर ठेवलेला तो रिकामा पेला मला ऐकू आला. मी ज्याला वळण समजलो होतो ते हे होतं.

म्हणजे एवढ्या सगळ्यातून तिने माझ्या बाजूची एक गोष्ट जपून ठेवली होती. बाप हट्टी होता, त्याने ऐकलं नाही, चारचौघांत खोटारडी ठरवलं, पण त्याने आपल्या वाटणीचं दूध दिलं. त्या एका गोष्टीवर ती रोज सकाळी माझ्या शेजारी बसत होती.

मी चार दिवस गप्प राहिलो. सांगायचं कशासाठी, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. तिला त्याने काही मिळणार नव्हतं. पण न सांगणं म्हणजे जन्मभर जे केलं तेच पुन्हा करणं. पाचव्या दिवशी दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि सांगितलं. गुरुवारचं घर, दोन वर्षं, कळा, चित्रकलेच्या सरांना दिलेलं उत्तर, सगळं. मी माझ्या वाटणीचं तुला दिलं नव्हतं, म्हणालो. मला ते पचत नव्हतं. तुला काय होतंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हाही माहीत होतं.

ती मेथी निवडत राहिली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. जुडी संपली. मग कागद गोळा करत म्हणाली,

"तेवढं तरी राहू द्यायचं होतं, बाबा."

मला वाटलं होतं ती ओरडेल. मी त्याची तयारी केली होती. याची नव्हती.

मी विचारलं, "हे अंकासाठी लिहू का? कोणाचं नाव घालणार नाही."

"लिहा ना," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटेल."

तर अध्यक्षमहाराज, आपला प्रश्न. माणसाला गाईचं दूध लागतं का? आईचं दूध सुटेपर्यंत लेकराला आईचं लागतं. त्यानंतर ज्याला गाईचं पचतं आणि आवडतं त्याने खुशाल प्यावं, त्यात चांगलं पुष्कळ आहे. पण ते नसेल तर माणूस अडत नाही. जगात असंख्य लोकांना मोठेपणी दूध पचत नाही, आणि ते दरिद्री नसतात, कमअस्सल नसतात, नाटकी नसतात. दुधात जे मिळतं ते तीळ, नाचणी, डाळी, पालेभाज्यांतून मिळवता येतं. हे मी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका पडवीत बसून दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. माझ्या गावात आम्ही सगळे दुधावाचूनच वाढलो होतो. पुरावा म्हणून मीच तिथे बसलो होतो.

हे लिहून मला बरं वाटलेलं नाही. सकाळचा कोरा चहा वेळेवर येतो, आलंही तेवढंच असतं. कप ती टेबलावर ठेवते आणि स्वतःचा घेऊन आत जाते. शेजारची खुर्ची मी दोनतीनदा थोडी पुढे ओढून ठेवली. मुलगी केर काढताना ती पुन्हा भिंतीला लावून ठेवते.